लंडनहून आलेले केस

प्रिय एमट,

पत्रात आधी समोरच्याची खुशाली विचारायची आणि मग आपलं काम सांगायचं, असं बाबांनी आपल्याला शिकवलं. “नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, कचेरीचं बोलावणं आलं,” असं ते म्हणायचे. आपल्या बेरी गावच्या बाजारात लोकांची पत्रं लिहून देण्यात त्यांचा जन्म गेला, तेव्हा त्यांचं बरोबरच असणार. पण आज त्याच पहिल्या ओळीवर माझी लेखणी अडली. तू कशी आहेस हे विचारायचं, तर तू आहेस हे आधी धरून चालावं लागतं. ऐन उन्हाळ्यात, सेंट जॉनच्या सणाच्या होळ्या पेटल्या त्या सुमारास तुझं पत्र आलं, त्यानंतर काही नाही. उन्हाळाभर लंडनमध्ये साथ होती. लोकरीच्या गाड्यांबरोबर मी निरोप पाठवला, तर गाडीवान परत येऊन म्हणाला, “तुझ्या बहिणीच्या मालकिणीचं दुकान बंद आहे. दाराला फळ्या ठोकल्यात. गल्लीत विचारलं तर जो तो नाकाला फडकं लावून पुढे.” आणि नंतर इथे अशी एक गोष्ट झाली, की आमच्या डेम हॅविस बाईसाहेबांनी तू वारलीस असं ठरवून टाकलं, आणि येत्या मृतांच्या दिवशी तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी वेदीवर मिस्सा म्हणायला पाद्री गिल्बर्टना सांगितलं. तू असलीस, तर हे वाचून हसशील. मला हसू आलं नाही. काय झालं ते नीट सांगते. शेवटचा भाग आधी सांगायला धीर होत नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

बाईसाहेब वाईट नाहीत, हे आधी लिहायला हवं, नाहीतर पुढचं वाचून तू त्यांच्यावर उगाच रागावशील. उन्हाळ्यात त्यांना ताप आला आणि तापाबरोबर केस गेले. रोज सकाळी फणीत गोळा यायचा आणि तो त्यांना दिसू नये म्हणून मी मुठीत लपवायचे. त्या आरशात बघत म्हणायच्या, “मूठ उघड गं इडनी. चिमणी धरल्यासारखं काय करतेस?” आता सर्व संतांच्या सणाला त्यांना त्यांच्या जाऊबाईंकडे जेवायला जायचं आहे. हल्ली सगळ्या बायका कानांपुढे दोन वेण्या उभ्या खांबांसारख्या बांधतात, वर सोन्याच्या तारेची जाळी घालतात. जाऊबाईंच्या वेण्या मनगटाएवढ्या जाड आहेत. “आणि माझ्या? उंदरांच्या शेपट्या!” बाईसाहेब म्हणाल्या. “दोन उंदीर कानांवर टांगून मी त्या बाईच्या समोर बसू?” तेव्हा गंगावन आणायचं ठरलं.

आपल्या बोलीत केस विणणं आणि सजवणं या दोहोंना मिळून एकच शब्द आहे, ब्रॉइड. तुला तो शब्द फार आवडायचा. विणलं की सजलंच, वेगळं काय करायचं, असं तू म्हणायचीस. पाद्री गिल्बर्ट तोच शब्द उपदेशात असा उच्चारतात, जणू ते एखाद्या रोगाचं नाव आहे. संत पौलाने बायकांना ते वर्ज्य सांगितलंय, असं ते म्हणाले, की मी पुढच्या बाकावर माझे हात एप्रनखाली लपवते. मी पापनिवेदनाच्या वेळी त्यांना विचारलंसुद्धा, की पाप वेणी मिरवणारीला लागतं की घालणारीला? त्यांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “मुली, दर आठवड्याला तू एक नवं पाप शोधून आणतेस. जुनी संपली का?” त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी खरंच विचारत होते. तू असतीस तर मी त्यांना विचारलंच नसतं, तुला विचारलं असतं, आणि तू काहीतरी उडवाउडवीचं उत्तर दिलं असतंस आणि मला झोप लागली असती.

आई गेल्यावर तू मला अक्षरं आणि वेणी एकाच बाकावर बसवून शिकवलीस. सकाळी अक्षरं, उजेड कमी झाला की वेणी, कारण वेणीला डोळे लागत नाहीत. आधी तागाच्या पेंढीवर, मग गिरणीवाल्याच्या घोडीच्या शेपटीवर. एखादा पेड चुकला की मी सगळी वेणी सोडून पुन्हा घालायला बसायचे. तू वैतागायचीस. “अगं, डोक्यामागे कोण बघतंय?” मी म्हणायचे, “देव.” “मग देवाला सांग, पुढून बघ.” असलं बोलल्यावर मी दोघींच्या वतीने क्षमा मागायचे. तुझे केस मी इतक्यांदा विंचरले आहेत, की डोळे मिटून ते मला ओळखता येतील. भिजलेल्या जवाच्या काडासारखा रंग, आणि डाव्या कानामागे ती एक तांबूस, जाडीभरडी बट, जी कुठल्याच पेडात बसायची नाही. तू म्हणायचीस, ही बट दुसऱ्या कुणाची तरी आहे, वाटेत माझ्यावर पडली.

इथे माझे केस कुणी विंचरत नाही. मी स्वतःच चाचपून वेणी घालते आणि वर रुमाल बांधते, म्हणजे ती कशी झाली हे कुणाला कळत नाही, मलाही नाही. दोघींनी मिळून विणायचा तो रुंद गोफ मी या घरी आल्यापासून विणलेला नाही. पाची बोटांत दोऱ्याचे फासे अडकवायचे आणि समोरचीच्या बोटांवर द्यायचे, ते एकटीला कसं जमणार? बाईसाहेबांना तसा गोफ हवा होता, म्हणून स्वयंपाकघरातल्या मॅबिलीला मी शिकवायला बसले. तिने दोन फेऱ्यांतच फासे झटकून टाकले. म्हणाली, “मला हंस सोलायला सांग, डुक्कर सोलायला सांग. हे कोळ्याचं काम मला नको.” ती प्रेमळ आहे. पण ती बोलत असते तेव्हाही मी एकटीच असते, हे तिला कसं सांगायचं?

कापणी उरकल्यावरच्या मायकेलमसच्या सणाच्या हंसमेजवानीनंतर हॅमो नावाचा फेरीवाला आला. तो वर्षातून दोनदा येतो. सुया, फिती, बदामाचं तेल, आणि तळाशी कापडात गुंडाळलेले केस. त्याने बाईसाहेबांच्या मांडीवर एक जुडी सोडली आणि त्यांनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. “इडनी, बघ! माझाच रंग आहे!” त्यांचा रंग तसा नाही, कधीच नव्हता. मी जुडी हातात घेतली. पाद्रीबाबांनी उन्हाळ्यात सांगितलं होतं, की बायका जे गंगावन मिरवतात ते बहुतेक मेलेल्या बायकांचं असतं, आणि ज्यांचे केस, त्या शुद्धिस्थानात, पापं जळून जाईपर्यंतच्या आगीत, ते आठवून कण्हत असतात. म्हणून मी आधी मनात एक प्रार्थना म्हटली, कोण असेल तिच्यासाठी. मग केस मोकळे केले आणि बोटं घातली. आत एक बट होती, तांबूस, इतरांपेक्षा जाड. मी जुडी खिडकीपाशी नेली. बाईसाहेब म्हणाल्या, “काय गं, उवा आहेत का?”

मी हॅमोला विचारलं, हे केस कुणाचे? तो म्हणाला, “पोरी, मी केस घेतो, डोकं घेत नाही.” मी पुन्हा विचारलं, कापले तेव्हा ती जिवंत होती का? माझा आवाज बहुधा मोठा झाला असावा, कारण त्याने टोपी काढली. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “लंडनच्या एका केसवाल्याकडून घेतले. त्याच्याकडे यंदा पोती भरून आलेत. कुणी विकायला येतं, कुणाचे साथीत कापतात, कुणाचे नंतर कापतात. केसांना वास नसतो, मग मी कसं ओळखणार? गहू कुणाच्या शेतातला ते भाकरीला कळतं का?” एवढं बोलून त्याने आपलं गाठोडं बांधलं. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. विचारायला आणखी काही उरलं नव्हतं, तरी गेले.

त्या दिवशी बाईसाहेबांनी वेणी घालायला बोलावलं तेव्हा माझी बोटं चालेनात. त्या आधी चिडल्या, मग माझ्याकडे बघून घाबरल्या, आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी जुडी माझ्या हातातून घेतली, आपल्या पेटीत ठेवली, आणि मला जवळ ओढून माझं डोकं आपल्या गुडघ्यावर धरलं. “बाळा, हे केस कुणी हौसेने कापत नसतं,” त्या म्हणाल्या. “कमरेपर्यंतचे केस आहेत. तुझी बहीण गेली. आता आपण तिच्यासाठी नीट काय ते करू.” केसांना आत्मा असतो का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “केसांना आत्मा असता तर आपला न्हावी केव्हाच नरकात गेला असता. पण तुझ्या बहिणीचे केस मी डोक्यावर घालणार नाही, तेवढी मी निर्लज्ज नाही.” आणि त्यांनी पाद्रीबाबांना बोलावणं पाठवलं. त्यांच्या मायेला नाही म्हणायचं मला सुचलं नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं त्यांनी होकार धरला.

त्यानंतर घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. मॅबिली मला सायीचं दूध देते, बाईसाहेबांनी काळा रुमाल दिला. घोड्यांकडे बघणारा माणूससुद्धा मला वाट देतो. या घरात तुझं दुःख नसलेली मी एकटीच होते. मला रडू येत नव्हतं, कारण रडले असते तर मीही मान्य केल्यासारखं झालं असतं. मी काळा रुमाल बांधायचे आणि बाहेर विहिरीवर गेले की सोडायचे. मग वाटायचं, तू खरंच गेली असलीस, तर तुझी सख्खी बहीण तुझं सुतक पाळत नाही, हे कसलं वागणं? म्हणून पुन्हा बांधायचे.

आणि मग मॅबिलीने ते सांगितलं. कांदे चिरता चिरता, सहज. “पण नक्की गेली ना गं ती? नाही, माझ्या मावशीच्या गावात एकाने जिवंत भावाच्या नावाने मेलेल्यांची मिस्सा म्हणवून घेतली होती. त्या भावाने पुढची कापणी पाहिली नाही.” मी धावतच पाद्रीबाबांकडे गेले. ते म्हणाले, हे सगळं म्हाताऱ्या बायकांचं बोलणं आहे. मी म्हटलं, म्हणजे असं होत नाही? ते म्हणाले, “वाईट हेतूने कुणी तसं करायला गेलं, तर ते महापाप आहे.” मी म्हटलं, म्हणजे होतं? त्यावर ते चर्चच्या पेटीच्या किल्ल्यांशी चाळा करू लागले. शेवटी म्हणाले, “तू इतका विचार करू नकोस, इडनी. ती नसेल, तर मिस्सेने तिची आग लवकर निवेल. ती असेल, तर प्रार्थना दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाईल. देवाच्या घरी काही वाया जात नाही.” पण त्यांच्या हातातून किल्ल्या सुटत नव्हत्या, ते मी पाहिलं.

मी कशी अडकले ते बघ. तू गेली असलीस आणि मी मिस्सा अडवली, तर तू माझ्यामुळे आणखी जळत राहशील. तू असलीस आणि मी मिस्सा होऊ दिली, तर कुठल्यातरी खोलीत खोकत बसलेल्या तुला मीच ढकललं. झाडू मारताना, दूध काढताना, बाईसाहेबांचे उरलेसुरले केस विंचरताना मी हेच उलटसुलट करत राहिले. तू केस का दिले असशील, याच्या मी नाना तऱ्हा मनात जुळवल्या. साथीच्या तापात वैद्याने कापायला लावले असतील. मठात गेली असशील. मालकीण वारली, दुकान बुडालं, पोटासाठी विकले असशील. आणि एमट, मी देवाकडे मागत राहिले की ती उपाशी असू दे. आपली बहीण उपाशी असावी असं मी मागितलं, आणि त्यात मला पाप वाटलं नाही. तोवर मला प्रत्येक गोष्टीत पाप दिसायचं.

काल जेवणानंतर पाद्रीबाबा मृतांच्या नावांची यादी पक्की करायला दिवाणखान्यात आले. बाईसाहेबांचे सासरे, त्यांची दोन बाळं, मॅबिलीचा नवरा, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “एमट की एमा? पूर्ण नाव काय लिहू?” मी उठले. त्यांच्यासमोर शुभवर्तमानाचा ग्रंथ होता, त्यावर मी हात ठेवला. कुणी ठेवायला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, माझी बहीण जिवंत आहे, मला तिचं पत्र आलं आहे. “कधी आलं?” बाईसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, आज, लोकरीच्या गाडीबरोबर. “काय लिहिलंय?” आणि मला उत्तर तयार करावं लागलं नाही, तुझा आवाजच माझ्या तोंडातून आला. मी म्हटलं, ती लिहिते की यंदाच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये इतकं उकडत होतं, की केस विकून टाकले, आता मान मोकळी झाली, आणि टोपी घातली की मी आपल्या बाबांसारखी दिसते, फक्त दाढी नाही. मॅबिली इतकी हसली की तिला ठसका लागला. पाद्रीबाबाही हसले आणि त्यांनी तुझ्या नावासाठी ठेवलेल्या जागेवर आडवी रेघ ओढली. बाईसाहेबांनी मला मिठी मारली, काळा रुमाल माझ्या डोक्यावरून त्यांनी स्वतः काढला, आणि मग एकदम आनंदाने म्हणाल्या, “अगं, म्हणजे मग मला ते केस घालता येतील की!”

आज सकाळी मी तुझे केस त्यांच्या डोक्यावर विणले. दोन्ही वेण्या, पेडात लाल रेशीम घालून, सोन्याच्या तारेत बसवून. एकदाही सोडून पुन्हा घातल्या नाहीत. बाईसाहेब आरशापुढून हलायला तयार नव्हत्या. मी उभी राहून पाहत होते. तू वेण्या घालून माझ्याकडे पाठ करून बसली आहेस असं एक क्षणभर वाटलं, आणि मग त्या वळल्या.

आता मी हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. लोकरीच्या गाड्या दुपारी निघतात. गाडीवानाला मी सांगितलं आहे की दुकान अजून बंद असलं तर शेजारच्या मेणबत्तीवाल्याकडे चौकशी कर, तिथे नाही तर चर्चच्या दारात, तिथे नाही तर रुग्णालयात. मी शुभवर्तमानावर हात ठेवून खोटं बोलले आहे, आणि तू नसलीस तर तुझी मिस्साही मीच हिरावून घेतली आहे, आणि ते मला कुणापुढेही कबूल करता येणार नाही, कारण कबूल केलं की ती यादी पुन्हा उघडेल. पण तू लिहिलंस तर यातलं काहीच खोटं राहणार नाही. म्हणून एमट, जास्त काही नको. मी सांगितलं तेच लिहून पाठव. फार उकडत होतं म्हणून केस विकले, असं लिही. टोपी घातली की बाबांसारखी दिसते, असं लिही. तसं झालेलं नसलं तरी लिही. खरं काय झालं ते मी कधी विचारणार नाही. हात चालत नसेल, तर कुणाला तरी सांगून लिहून घे, आणि खाली तुझं नाव मात्र तू स्वतः काढ.

तुझीच,
इडनी